मशीन उलटली की ऑपरेटरच दोषी?

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या अंकातली टेलिहँडलर (लांब होणाऱ्या दांड्यानं माल वर-पुढं नेणारी मशीन) उलटल्याची बातमी वाचली आणि शेवटच्या ओळीवर डोकंच फिरलं. 'चालकाचे नियंत्रण सुटल्याने अपघात.' अहो, तुमच्याच फोटोत दिसतंय की, बूम, म्हणजे तो दांडा, लांब बाहेर आहे, पुढं माल आहे, मशीन नाकावर पडलीय. नियंत्रण कुठलं सुटलं त्यात?

बूम आत असताना साडेतीन टन उचलणारी मशीन, बूम पूर्ण पुढं काढली की काही मॉडेलमध्ये जेमतेम अर्धा टन घेते. माल तोच, मशीन तीच, फक्त लांब नेला. मागची चाकं हलकी होत जातात आणि मग पालथी. म्हणून तर केबिनमध्ये बूम किती बाहेर असताना किती वजन चालतं ते सांगणारा लोड चार्ट असतो, धोक्याचा दिवा असतो, बझर असतो.

शिरोली एमआयडीसीत एका शेडच्या कामावर मी फिटर होतो तेव्हाचं सांगतो. पत्र्याचा बंडल वर चढवायचा होता, भिंतीच्या कडेला पाइपलाइनसाठी खणून नुसती माती लोटलेली, त्यात रात्री पाऊस, आपली काळी माती पावसात कशी होते ते कोल्हापूरकरांना काय सांगायचं. मशीन जवळ जाईना, तर ठेकेदार म्हणतोय लांबनंच बूम काढून दे. ऑपरेटर म्हणाला, मालक, चार्टात बसत नाही, बंडल फोडा, मी थोडे थोडे पत्रे नेतो, आणि स्टॅबिलायझरखाली (मशीनला आधार देणाऱ्या पायांखाली) प्लेटा टाका. "काय होत नाही रं, ने की पुढं, बझर वाजला तर वायर काढ त्याची!" हे ठेकेदाराचं उत्तर. पोरगं खाली उतरलं, चावी दिली आणि गेलं. त्याला परत कधी कामावर घेतलं नाही. दुसरा आला, त्यानं काही न बोलता बंडल उचलला आणि मागची चाकं आमच्या डोळ्यादेखत जमिनीवरनं सुटली. त्यानं बूम पटकन आत ओढली म्हणून टेकली. घाबरून बूम खाली घेतली असती तर माल अजून पुढं गेला असता आणि खाली आम्ही उभे होतो. त्या दिवशी ती उलटली असती तर तुम्ही हेच छापलं असतं ना, चालकाचे नियंत्रण सुटले?

तुमच्या बातमीदारानं एवढं तरी विचारायला पाहिजे होतं की माल किती वजनाचा होता, बूम किती बाहेर होती, जमीन कसली होती, बझर चालू होता का आणि उचल म्हणून सांगितलं कुणी. ऑपरेटर दवाखान्यात पडलाय, तो काय बोलणार, आणि ठेकेदाराचं नावसुद्धा बातमीत नाही.

विषय निघालाच आहे तर अजून एक. मिरवणुकीत जेसीबीच्या बकेटमध्ये पोरं उभी राहून फुलं उधळतात तो फोटो तुम्ही मोठा करून छापता. बकेट माणसांसाठी नसतेय हो. माणूस वर न्यायचा तर त्यासाठी बनवलेली, कठड्याची, मशीनला लॉक होणारी बास्केट लागते आणि अंगावर हार्नेस, म्हणजे सुरक्षा पट्टा. आम्ही साइटवर पोरांना बकेटमधनं खाली उतर म्हणून ओरडतो, तर ती म्हणतात, काका, पेपरात फोटो येतोय की अशांचा. कृपा करून तसले फोटो बंद करा.

आपला,
एक फिटर, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर