अवघड खेळ आणि नुसता छळ

मा. संपादक,

कॉम्प्युटरवरचा गेम असो की टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन खेळायचा रोलप्ले, 'अवघड' हा शब्द आपण फार सैल वापरतो. गंगावेशीतल्या तालमीत वस्तादाने पोराला ढाक मारून चितपट केलं, तर पाय कुठे चुकला हे त्याला मातीतच दाखवलं जातं. हरल्यावर कारण कळत असेल तर तो खेळ अवघड. कळत नसेल तर नुसता छळ.

टेबलावर हा छळ बहुधा गेम मास्टरच्या, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्याच्या, हातून नकळत होतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्ले खेळाची २०१४ची पाचवी आवृत्ती घ्या. चौघांना पहारेकऱ्यांची नजर चुकवून वाड्यात शिरायचंय. फाशावरच्या आकड्यात पात्राचा बोनस मिळवून लक्ष्य गाठायचं. लक्ष्य १३, प्रत्येकाचा बोनस ६, म्हणजे वीसपैलू फाशावर ७ किंवा जास्त पडलं की जमलं. प्रत्येकाला ७० टक्के संधी. पण एकजण हुकला की सगळे सापडले असं धरलं, तर चौघेही निसटण्याची शक्यता उरते फक्त २४ टक्के. दोनदा असं झालं की लपून जायचं कुणी सुचवतच नाही, प्रत्येक प्रसंग मारामारीवर येतो आणि 'खेळाडूंना डोकं लावायला नको' असा दोष त्यांच्याच माथी बसतो. खरं तर उत्तर नियमपुस्तकातच आहे: गटाची एकत्र चाचणी. निम्म्या किंवा जास्त जणांना जमलं की सगळा गट पार. तेच चौघे, तोच फासा, शक्यता जवळपास ९२ टक्के. हे फार सोपं वाटलं तर लक्ष्य १६ करा, शक्यता ७६च्या आसपास येते. एकच भिंत चढताना तीनदा फासा मागणं हीही तीच चूक, ७० टक्क्यांचे ३४ होतात. एकदाच मागा आणि हुकलं तर काय होणार ते आधी सांगा. हुकून काहीच बिघडणार नसेल तर फाशाला हात लावू नका.

कॉम्प्युटरवर 'हार्ड' निवडलं की पुष्कळ गेम शत्रूचा जीव नुसता वाढवतात. चाली त्याच, लढाई लांबते, शिकायला नवं काही नाही. डार्क सोल्स या गेममध्ये (२०११) असा पर्यायच नाही, तरी तो मला न्याय्य वाटतो. मेलात की शत्रू मारून जमवलेले सोल्स, म्हणजे तिथलं चलन, तिथेच पडतात. जाऊन उचलता येतात, पण वाटेत पुन्हा मेलात तर गेले. नवखे घाबरून जाड चिलखत चढवतात आणि इथेच फसतात. अंगावरचं वजन क्षमतेच्या २५ टक्क्यांपर्यंत असेल तर रोल, म्हणजे वार चुकवायची कोलांटी, चपळ, ५०पर्यंत मध्यम, त्यापुढे धोंड्यासारखा जड. वार चुकवता येत नसेल तर आधी अंगावरचं वजन बघा, एखादा जड भाग उतरवा.

छळाचं आणखी एक कारण घरातल्या टीव्हीत असतं. चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही ते उशिरा दाखवतो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले तर सहा फ्रेम गेल्या. सेकिरोसारख्या तलवारबाजीच्या गेममध्ये तलवारीवर तलवार झेलायची वेळ त्याने हुकू शकते. सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करा, मगच गेमला नावं ठेवा.

डोंगर चढायच्या सेलेस्टे या गेमने (२०१८) खेळाचा वेग निम्म्यापर्यंत खाली आणायची सोय दिली, तिला काही मंडळी लबाडी म्हणतात. हे मला अजिबात पटत नाही. बोटं हळू चालणाऱ्यालाही तीच उडी, तोच अंदाज शिकावा लागतो.

आपल्या पुरवणीत गेमची ओळख छापताना 'खूप अवघड' एवढ्यावर थांबू नये. हरल्यावर किती मागे जावं लागतं, सेव्ह कुठे होतं आणि वेग कमी करता येतो का, एवढं तरी द्यावं, ही विनंती. सुट्टीत मुलांना गेम घेऊन देणाऱ्या पालकांना दुकानात हे सांगणारं कुणी नसतं.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर