कोळंबी सातव्या पानावर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासक्रमात काय हवे, याबद्दल हे पत्र. हाच विषय घेऊन मी एम.ए. झाले आणि रत्नागिरीत मासळी निर्यातीच्या एका ऑफिसात लागले. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी अमेरिकेच्या कोळंबीबंदीचे कागद पुढ्यात टाकले. "तू हेच शिकलीस ना? आपण काय करायचं ते एका पानात लिही." मी आठ पाने लिहिली, सुरुवात मॉर्गेन्थाऊ या अभ्यासकाच्या वास्तववादाच्या (देश सत्ता आणि स्वहित पाहून वागतात, या सिद्धांताच्या) सहा तत्त्वांपासून. साहेबांनी पाने उलटीपालटी करत विचारले, "यात कोळंबी कुठे आहे?" ती सातव्या पानावर होती.

वास्तविक विषय माझ्या अभ्यासातलाच. बोटीमागे ओढत नेतात त्या ट्रॉलच्या जाळ्यात कासवे अडकून मरतात, म्हणून अमेरिकेने १९८९ मध्ये कायदा केला. कासवाला बाहेर वाट देणारी जाळी न बसवता समुद्रात पकडलेली कोळंबी घ्यायची नाही, असा त्याचा रोख. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ चा निकाल असा, की कासवे वाचवणे गैर नाही, पण नियम लावताना अमेरिकेने देशादेशांत दुजाभाव केला. अमेरिकेने कायदा ठेवला, राबवण्याची पद्धत बदलली. २०१९ मध्ये आपली समुद्रातली कोळंबी त्यांनी बंद केली. तळ्यात वाढवलेली चालते.

आम्हाला हे 'व्यापार आणि पर्यावरण : टीप लिहा' एवढ्यापुरते होते. पाच गुण. मिरकरवाडा बंदरावर कोणी नेले नाही. नोकरीनिमित्त गेले तेव्हा एक तांडेल (बोटीचा प्रमुख) म्हणाला, "कासवाच्या वाटेनं माझी कोळंबी पण जाणार, ती कोण भरून देणार?" वाटाघाटी अडतात त्या इथेच.

सिद्धांत काढून टाका, असे मी म्हणत नाही (मॉर्गेन्थाऊ मला अजून आवडतो). पण एका सत्रात मूळ करार वाचायला द्या, 'शॅल' (करावेच लागेल) आणि 'शुड' (केलेले बरे) यांतला फरक डोक्यात बसेपर्यंत. मालाचा एचएस कोड (आयात-निर्यातीत माल ओळखण्याचा जगभरचा क्रमांक) शोधायला लावा. वर्गात एका गटाला अमेरिका करा, दुसऱ्याला तांडेल. आणि वीस गुण एकपानी टिपणाला ठेवा, दुसरे पान लिहिले की शून्य. २०१४ मध्ये फळमाशीमुळे युरोपने आपला आंबा अडवला, तेव्हाही बागायतदारांना असे एक पान मराठीत हवेच होते.

माझी आठ पाने वाया गेली नाहीत. पाठकोरी असल्याने ऑफिसात त्यांवर बर्फाचा हिशेब मांडला गेला.

आपली,
एक वाचक, रत्नागिरी