केतकी, मदत करणं थांबवू नकोस

दांडिया बाजार, बडोदा

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू फार चिडली होतीस. तू रात्री जागून केलेली एक्सेल शीट तुझ्या सहकाऱ्याने मीटिंगमध्ये स्वतःची म्हणून दाखवली आणि "यापुढे कुणालाच मदत नाही" असं तू ठरवून टाकलंस. तुझा राग रास्त आहे, पण निर्णय मला पटला नाही.

बँकेत कॉम्प्युटर यायच्या आधी आम्ही लेजरांचं बॅलन्सिंग हाताने करायचो. एकदा 27 रुपयांचा फरक काही केल्या निघेना. आमचे गुजराती अकाउंटंट शेजारी खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "बेन, फरकाला नऊने भाग जातो का बघा. जात असेल तर बहुतेक आकडे उलटे पडलेत." खरंच, 85 च्या जागी 58 लिहिलं गेलं होतं. ही युक्ती त्यांनी स्वतःजवळच ठेवली असती तर सगळी शाखा त्यांच्या दाराशी आली असती. त्यांनी ती सगळ्यांना शिकवली आणि कारणही तोंडावर सांगितलं: "तुम्हाला जमलं की मी वेळेत घरी." स्वार्थ होताच की! पण उघड होता, म्हणून त्यांच्या उपकाराचं ओझं आम्हाला कधी वाटलं नाही. तुला त्या शीटचं श्रेय हवं होतं, त्यात गैर काहीच नाही. ते आधी बोलायला हवं होतं.

सयाजीराव महाराजांनी 1913 साली आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली, ती परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार लिहून घेऊनच. मला त्यात काही कमीपणा दिसत नाही. पण 1917 मध्ये ते इथे रुजू झाले तेव्हा कचेरीतले शिपाईसुद्धा जातीपायी फायली लांबूनच टाकत. गावात राहायला जागा मिळेना. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदं सोडावं लागलं. निघण्याआधी ते ज्या बागेत बसून राहिले, त्या कमाटीबागेवरून जाताना अजूनही जिवाला लागतं. महाराजांनी एवढं दिलं, आणि ते शेजारच्या टेबलापाशी येऊन अडलं. म्हणून सांगते, शेजारच्या टेबलावरच्या माणसाने कसं वागावं, हे मला फार मोठं वाटतं.

सोमवारी त्या सहकाऱ्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांग: "शीट मी केली होती, तसं साहेबांना कळव." पुढच्या वेळी तू त्याला मेल पाठवशील तेव्हा साहेबांनाही सीसीत ठेव. त्याचं काम तू करून देऊ नकोस. कसं करायचं ते मात्र दाखव. आणि ती नवी मुलगी रोज शंका घेऊन येते म्हणालीस, तिला परत पाठवू नकोस. तिने तुझं काहीच घेतलेलं नाही. तुझ्या सोयीची वेळ ठरवून दे, जेवणानंतरचा अर्धा तास म्हण, आणि नीट शिकव. ती तयार झाली की महिनाअखेरीचं निम्मं काम तिच्याकडे देणार आहेस, हेही तिला आत्ताच सांगून ठेव.

तुझी,
आई