अपडेटनंतर अडलेला सर्व्हर पुसू नका

महोदय,

महाविद्यालये, पतसंस्था, ग्रंथालये यांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. अपडेटनंतर वेब सर्व्हर (संकेतस्थळाची पाने वाचकांपर्यंत पोहोचवणारा प्रोग्रॅम) सुरू झाला नाही, तर तो काढून नव्याने इन्स्टॉल करायच्या मागे लागू नका. 'पर्ज' केले (मुळासकट काढले) की प्रोग्रॅमबरोबर कॉन्फिगरेशनच्या, म्हणजे तुम्ही केलेल्या सेटिंगच्या, फायलीही जातात आणि दहा मिनिटांच्या कामाला दोन दिवस लागतात.

उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमच्या २०.०४ आवृत्तीचा नियमित सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, त्यामुळे अजूनही बरेच जण २२.०४ वर जात आहेत. या उडीत संकेतस्थळांची पीएचपी ही भाषा ७.४ वरून ८.१ वर जाते. पीएचपी अपाचे या वेब सर्व्हरला जोडणाऱ्या जुन्या मॉड्यूलची मूळ फाइल निघून जाते, पण ती लोड करायला सांगणारी ओळ 'मॉड्स-एनेबल्ड' फोल्डरमध्ये तशीच राहू शकते. मग अपाचे नसलेली फाइल शोधतो आणि उठतच नाही.

सर्व्हरची स्थिती दाखवणाऱ्या 'सिस्टमसीटीएल स्टेटस' या कमांडमध्ये बऱ्याचदा नुसते 'फेल्ड' दिसते. खरे कारण 'अपाचे२सीटीएल कॉन्फिगटेस्ट' ही कॉन्फिगरेशनची चाचणी सांगते. तिच्या संदेशात आधी मुख्य कॉन्फिगरेशन फाइलचे नाव आणि ओळ येते, मग आतल्या फाइलचे. लोक पहिलेच नाव वाचून मुख्य फाइल उघडतात आणि तिथे खाडाखोड करून बसतात. त्या ओळीवर फक्त दुसरी फाइल ओढून घेणारे 'इन्क्लूड' असते, तिचा काही दोष नसतो. संदेश शेवटपर्यंत वाचावा, कारण दोषी फाइल शेवटी लिहिलेली असते. 'ए२डिसमॉड पीएचपी७.४' देऊन जुने मॉड्यूल बंद करावे, अपाचेसाठीचे पीएचपी ८.१ चे पॅकेज बसले आहे याची खात्री करावी, मग 'ए२एनमॉड पीएचपी८.१' देऊन नवे सुरू करावे. 'सिंटॅक्स ओके' आले की मगच सर्व्हर सुरू करावा.

'सिंटॅक्स ओके' येऊनही सर्व्हर सुरू होत नसेल तर पोर्ट (सर्व्हर ज्यावर विनंत्या ऐकतो तो क्रमांक) पाहा. ही चाचणी पोर्ट उघडून बघत नाही. लॉगमध्ये 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' असेल तर ८० किंवा ४४३ वर दुसरेच कोणी बसले आहे, बहुधा दुसऱ्या एखाद्या पॅकेजबरोबर आलेला एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर. 'एसएस -एलटीएनपी' ही कमांड रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवली की त्याचे नाव कळते. डिस्क भरली नाही ना, हे 'डीएफ -एच'ने तेवढ्यात बघून घ्यावे.

'की टू स्मॉल' असा संदेश आला तर तुमच्या संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र बहुधा जुन्या १०२४ बिटांच्या किल्लीवर आहे. सुरक्षेची पातळी खाली आणून काम भागवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो कृपया मानू नका. लोकांचे पासवर्ड त्याच वाटेने जातात. किमान २०४८ बिटांची किल्ली बनवून नवे प्रमाणपत्र घ्या.

आणि अपडेटनंतर संकेतस्थळ उघडते म्हणून निर्धास्त राहू नका. कधीकधी आधीचीच प्रोसेस मेमरीत चालू असते आणि बिघाड कळतो तो पुढच्या रीस्टार्टला, म्हणजे वीज जाऊन आल्यावर. कॉन्फिगटेस्ट करून माणसे हजर असताना एकदा रीस्टार्ट करून पाहा. अपडेटच्या आधी कॉन्फिगरेशनच्या फोल्डरची प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवा. अपडेट चालू असताना 'जुनी फाइल ठेवू की नवी?' असे विचारले, तर जुनी ठेवा. नवी फाइल तिथेच 'डीपीकेजी-डिस्ट' शेपटीने सहसा सापडते, ती सावकाश 'डिफ' या फरक दाखवणाऱ्या कमांडने ताडून बघता येते.

– एक सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर