अण्णांची वाचा आणि संध्याकाळचा हरिपाठ

तीर्थरूप अण्णा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सगळं सांगता आलं असतं, पण पक्षाघातानंतर फोन कानाला लावला की अण्णा घाईला येतात. पलीकडे लेक आहे, तिला उत्तर द्यायलाच हवं, या ओढीने शब्द आणखी अडकतात आणि मग ते फोन आईच्या हातात देऊन मान फिरवतात. म्हणून पत्र लिहितेय. आई, हे मोठ्याने वाच, पण सावकाश. एक वाक्य झालं की थांब, अण्णांच्या तोंडाकडे बघ, कळलंय असं वाटलं की पुढे जा. टीव्ही बंद ठेव. एका बैठकीत संपवायची काही गरज नाही.

अण्णांना समजतं. फक्त समजायला थोडा वेळ लागतो, आणि मागे दुसरा आवाज असला की गोंधळ होतो, असं स्पीच थेरपिस्ट बाईंनी मला स्पष्ट सांगितलंय. घरी भेटायला येणारी माणसं त्यांच्याशी ओरडून बोलतात, ते बंद कर. अण्णांचे कान चांगले आहेत. त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल ‘आता काय, लेकरासारखं झालंय’ असंही कुणाला बोलू देऊ नकोस. ते ऐकताना त्यांचा डावा हात पांघरुणावर कसा आवळला जातो ते मी पाहिलंय.

आता खरं सांगायचं ते सांगते. दवाखान्यातून घरी आल्यावर अण्णांच्या तोंडात ‘हां’ आणि ‘अगं’ एवढंच उरलं होतं. पाणी हवं असलं की ‘दार’ म्हणायचे, आपण चुकीचं बोललो हे त्यांचं त्यांनाच कळायचं आणि डोळे भरून यायचे. भजनी मंडळाने देवळातला हरिपाठ आपल्या ओसरीवर आणला तो याच दिवसांत. त्या संध्याकाळी मी घरीच होते. मंडळी दोन रांगांत उभी राहिली, विणेकरी मधे, पखवाज भिंतीशी. अण्णा आतल्या खोलीत खाटेवर, दार उघडं. पहिला अभंग सुरू झाला तेव्हा ते नुसते बघत होते. ‘हरि मुखें म्हणा’ हे ध्रुपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा ओठ हलले. तिसऱ्यांदा आवाज आला. घोगरा होता, पण शब्द न् शब्द सुटा: ‘पुण्याची गणना कोण करी’. मंडळींचे टाळ जागीच थबकणार होते. आई, तू हाताने खूण केलीस, चालू द्या, थांबू नका. ती खूण तुला कशी सुचली, देवच जाणे. ते थांबले असते तर अण्णाही थांबले असते.

त्या रात्री घरात सगळे चमत्कार झाला म्हणत होते. मला आनंद इतका झाला होता की काही विचारायचं भान नव्हतं. नंतर थेरपिस्ट बाईंना विचारलं, त्यांनी समजावलं, मग मीही वाचत गेले.

अण्णा, तुमच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. उजव्या हाताने कामं करणाऱ्या बहुतेक माणसांची भाषा त्याच बाजूला असते. म्हणून उजवा हात-पाय आणि बोलणं एकदम गेलं. याला वाचाघात म्हणतात, डॉक्टर अफेझिया म्हणतात. यात बुद्धी जात नाही, ओळख जात नाही. मनातला शब्द तोंडापर्यंत आणायचा नेहमीचा रस्ता बंद होतो. पण वर्षानुवर्षं तालात, ठरलेल्या क्रमाने म्हटलेलं जे असतं, प्रार्थना, पाढे, वारांची नावं, गाणी, त्याची पायवाट वेगळी असते आणि ती बरेचदा शाबूत राहते. नवीन वाक्य जुळवायला लागत नाही, पहिला शब्द सापडला की पुढचा आपोआप येतो.

हे फार जुनं ठाऊक असलेलं आहे. स्वीडनमध्ये 1745 मध्ये उलोफ दालिन नावाच्या लेखकाने एका शेतकऱ्याच्या मुलाची हकीगत नोंदवून ठेवली आहे. आजारात उजवं अंग लुळं पडलेलं, वाचा गेलेली, ‘हो’ एवढाच शब्द उरलेला. पण आजारापूर्वी पाठ असलेली चर्चमधली स्तोत्रं तो धडधाकट माणसासारखी स्पष्ट गायचा. सुरुवातीला कुणीतरी सोबत गायला लागायचं, एवढंच. काही प्रार्थनाही म्हणायचा, त्या एका विशिष्ट लयीत. अण्णा, तो माणूस कोण, त्याचा देव कुठला, आणि तरी तुमच्यासारखाच. वाचताना मला त्याच्याबद्दल फार जवळीक वाटली.

पुढे 1973 मध्ये अमेरिकेत, बोस्टनच्या डॉक्टरांनी यातूनच एक उपचार बसवला. रोजचं छोटं वाक्य चालीत म्हणायचं, डाव्या हाताने ठेका धरायचा, हळूहळू चाल कमी करत साध्या बोलण्यावर यायचं. आधी सगळ्यांना वाटायचं की गाण्याचा सूर हेच याचं गमक. जर्मनीतल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की सुरापेक्षा लय आणि पाठ असलेले शब्द यांचा वाटा मोठा. हे वाचलं आणि मला तुझी टाळाची युक्ती आठवली, आई. उजव्या हातात टाळ धरता येईना तेव्हा एक टाळ तू खाटेच्या कठड्याला दोरीने बांधलास आणि दुसरा त्यांच्या डाव्या हातात दिलास. थेरपिस्ट बाईंना मी त्याचा फोटो दाखवला. त्या कितीतरी वेळ तो बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हे असंच चालू द्या.

अण्णा, तुमच्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे. एवढं सगळं मेंदूचंच असेल तर यात पांडुरंगाचं काय? मला वाटतं ते असं. मेंदूत पायवाट असते खरी, पण ती कुणीतरी पाय झिजवून पाडावी लागते. तुम्ही ती पाडलीत. पेरणीच्या दिवसांत दमून आलात तरी, आजी गेली त्या संध्याकाळीही, पाऊस पडला नाही त्या वर्षांतही तुम्ही हरिपाठाला उभे होतात. पुढे कधी वाचा जाईल, तेव्हा उपयोगी पडेल, असा हिशेब त्यात नव्हता. तुम्हाला विठ्ठल आवडत होता म्हणून तुम्ही म्हणत होतात. ते प्रेम नसतं तर हे शब्द इतके खोल गेलेच नसते. आणि ती माणसं? दिवसभर शेतात राबून, अंगावर धुतलेला सदरा चढवून रोज आपल्या ओसरीवर येणारी? त्यांना कुणी औषध म्हणून पाठवलेलं नाही. श्रद्धा मला या दोन ठिकाणी दिसते, तुमच्या पाठांतरात आणि त्यांच्या येण्यात. यापलीकडे काही आहे असं आई मानते, आणि त्या संध्याकाळी तुमचा आवाज ऐकल्यापासून मीही हात जोडताना जास्त वेळ उभी राहते.

पण हेही सांगायला हवं. हरिपाठ येतो म्हणजे बोलणं आलं असं नाही. ते पाठ असलेलं आपोआप येतं. ‘माझा पाय दुखतोय’ हे वाक्य त्यातून आपोआप निघणार नाही. त्यासाठी बाईंचा व्यायाम रोज करावा लागेल, कंटाळा आला तरी. त्यांनी ध्रुपदाच्याच ठेक्यावर ‘पाणी दे’, ‘चहा नको’, ‘बाहेर चल’ अशी तीन वाक्यं बसवून दिली आहेत. आई आधी म्हणेल, मग दोघं मिळून, मग आई गप्प आणि अण्णा एकटे. टाळावर डावा हात पडलाच पाहिजे. मागच्या वेळी ‘चहा नको’ इतकं ठणठणीत आलं की तू खरंच कप परत नेलास, आणि त्यावर अण्णा हसले. आजारानंतरचं ते पहिलं हसणं असावं.

आणि पाहुण्यांपुढे ‘अण्णा, हरिपाठ म्हणून दाखवा’ हे कृपा करून थांबव. तो त्यांचा नेम आहे. संध्याकाळी, मंडळींबरोबर, देवासमोर. दुपारी चहाच्या वेळी दाखवायची ती गोष्ट नाही.

आई, तू गेल्या आठवड्यात हळूच विचारलंस, गुडघ्यामुळे दोन वर्षं वारी चुकली म्हणून तर हे झालं नसेल ना? मी तेव्हा काही बोलले नाही, कारण अण्णा शेजारी होते. नाही, आई. वाढलेल्या रक्तदाबामुळे झालं. एकादशीला उपवास म्हणून अण्णा गोळीही घेत नसत, औषध पोटात गेलं तर उपवास मोडतो असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं होतं. साबुदाणा, भगर चालते आणि गोळी चालत नाही, असं कुठल्या संताने सांगितलंय? रक्तदाबाची आणि रक्त पातळ करायची गोळी एकादशीलाही घ्यायचीच. उपवास करायचा की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवू. ज्या विठ्ठलाला अण्णा माउली म्हणतात, ती माउली वारी चुकली म्हणून लेकराची वाचा काढून घेईल का?

नातेवाईक जे जे सुचवतात त्यालाही हेच. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. माळकऱ्याच्या घरात हे बोलवतं तरी कसं! कुणी पैसे भरून लांब कुठेतरी अनुष्ठान करायला सांगतं. अमेरिकेत 1,802 बायपास झालेल्या पेशंटसाठी अनोळखी लोकांकडून प्रार्थना करवून पाहिली होती, 2006 मध्ये त्याचा निकाल आला. प्रार्थनेमुळे त्रास कमी झाला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पावती फाडून दुसऱ्याकडून करवून घ्यायची गोष्ट म्हणजे आपला हरिपाठ नव्हे, आणि नवसाबद्दल तुकोबा काय म्हणतात ते अण्णांनीच मला शाळेत असताना शिकवलंय.

आता तुझ्याबद्दल, आई. तू झोपत नाहीस हे तुझ्या आवाजातून कळतं. रात्री अण्णा कण्हले की उठतेस, मग पडून राहतेस आणि पहाटे माळ घेऊन बसतेस. ती माळ सोडू नकोस. इटलीतल्या डॉक्टरांनी 23 निरोगी माणसांना जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि एक मंत्र म्हणायला लावून श्वास मोजले होते. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची लयही सुधारली. 2001 मध्ये ते छापून आलं. तू ‘रामकृष्णहरि’ म्हणताना एका श्वासात किती वेळा म्हणतेस ते बघ, घाई करू नकोस. पण माळेने झोपेची भरपाई होत नाही. आठवड्यातून दोन रात्री काकू अण्णांजवळ झोपायला तयार आहेत, मी त्यांच्याशी बोलले आहे. संकोच करू नकोस.

अण्णा दुपारी रडतात, जेवण परत करतात, ते नुसतं मन हळवं झाल्यामुळे असेलच असं नाही. पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एका माणसाला नैराश्य येतं, आणि त्यावर औषध आहे. पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांपुढे हा विषय काढणार आहे. अण्णा, त्यात कमीपणा काही नाही, आणि तुमचा विश्वास कमी पडला असाही त्याचा अर्थ होत नाही.

एक सूचना देवघराशेजारी भिंतीवर लिहून लाव. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली, यातलं एक जरी दिसलं तरी आधी 108 ला फोन. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि तालुक्याला पोचायलाच किती वेळ जातो ते तू पाहिलंयस. दिवा नंतर लावता येईल.

पालखीचं मी ठरवलंय. माउली लोणंदहून निघाली की तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. तिथल्या गर्दीत खुर्ची न्यायची नाही, अण्णांना रेटारेटी सोसणार नाही. त्यापेक्षा सकाळी लवकर आपल्या फाट्यावर सावलीत खुर्ची ठेवू, दिंड्या समोरूनच जातील. बांधलेला टाळ सोडून सोबत घेऊ, खुर्चीच्या दांडीला बांधता येतो का ते मी आल्यावर बघते. पाणी, गोळ्या, टोपी आणि एक सुका सदरा पिशवीत असू दे. मंडळातल्या दोघांना सांगून ठेवलंय, ते खुर्ची धरतील. अण्णा, तुम्हाला यायचं असेल तर आईच्या हातावर दोनदा थोपटा, नसेल तर एकदा. नाही म्हणालात तरी मला चालेल.

गुरुवारी थेरपिस्ट बाईंची वेळ अकराची आहे, साडेदहाची नाही. व्यायामाची वही न्यायला विसरू नकोस, आणि अण्णांना चष्मा घालून ने.

तुमची,
माई