रमचा केक दारूबंदीच्या जिल्ह्यात कसा करायचा, साहेब?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या वर्षी डिसेंबरच्या २३ तारखेला तुमच्या पुरवणीत प्लम केकची रेसिपी आली होती. पानभर, रंगीत फोटो, वरून साखर भुरभुरलेली, पाहूनच दिराचे पोट्टे मागं लागले की मोठी आई हाच कर. चष्मा लावून वाचायला बसली तं पहिलीच ओळ, सुकामेवा महिनाभर आधी रममध्ये भिजत घाला. आता तुम्हीच सांगा, तारीख २३, नाताळ २५ ला, मी काय नोव्हेंबरात परत जाऊ? म्हणून यावर्षी नोव्हेंबर संपायच्या आतच हे पत्र लिहून राहिली. आगमनकाळाचा, म्हंजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार तोंडावर आला, तुमच्याकडं अजून टाईम आहे.

दुसरी गोष्ट रमची. आम्ही आर्वी तालुक्यातले, जिल्हा वर्धा. गांधीजी १९३६ ला सेवाग्रामात राहायला आले तो हा जिल्हा, आणि इथं दारूबंदी आहे हे तुमच्या पेपरातच आठवड्यातून दोनदा छापून येते, अमुक गावी दारू पकडली तमुक गावी पकडली. म्हंजे पहिल्या पानावर दारू पकडली आणि पुरवणीत दारू घाला. मिळत नाही असं मी म्हणत नाही, कुठं काय मिळते ते गावात सगळ्यांना माहीत असते, पण केकसाठी मी त्या माणसाच्या दारात जाऊन उभी राहू का? आमची ख्रिस्ती घरं गावात तीनच, दुसऱ्या दिवशी पाळक साहेबांपर्यंत बातमी जायची की ताई कुठं गेल्या होत्या.

आम्ही संत्र्याच्या रसात भिजवतो. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री घरोघरी असतात, व्यापारी जे बारीक फळ घेत नाही ते टोपलंभर पडून असते, नागपुरी संत्र्याला २०१४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तरी बारीक फळाला कोणी विचारत नाही. त्याचा रस काढायचा, मनुका, काळा मनुका, खारकाचे बारीक तुकडे, थोडा गूळ टाकून मंद आचेवर रस आटेपर्यंत शिजवायचं, थंड झालं की काचेच्या बरणीत. पण हे दोन-तीन दिवस आधीच करायचं, महिनाभर नाही, कारण दारूत फळ टिकते तसं रसात टिकत नाही, आंबते, आणि महिन्यानं बरणीत जे तयार होईल ते परत तेच, मंग आमचीच बातमी पहिल्या पानावर यायची. तर हे वाक्य रेसिपीत एका ओळीत लिहिता आलं असतं का नाही?

आता मेन गोष्ट. मागच्या वर्षी भावानं भाऊबीजेला ओटीजी, म्हंजे लाईटवरचा ओव्हन दिला, मोठा, १५०० वॅटचा. मी म्हटलं आता पुरवणीतला केक होऊनच जाऊ द्या, रमशिवाय. रेसिपीत ४ अंडी होती. मी घरच्या कोंबड्यांची घेतली, गावरानी, पीठ फोडता फुटेना इतकं घट्ट झालं, मंग अजून दोन फोडली. थंडीत कोंबड्या अंडी कमी देतात, दिवस लहान होतो ना, आणि त्या कोंबड्या सासूबाईंच्या, त्या रोज खुराड्यात हात घालून मोजतात. तरी घेतली. पुढं लिहिलं होतं १ टीस्पून सोडा. दही नाही, लिंबू नाही, काहीच आंबट नाही. सोड्याला आंबट लागते तेव्हाच तो नीट फुलते, नाहीतर केकाला साबणासारखी चव राहते. बेकिंग पावडरीत ते आंबट आधीच घातलेलं असते म्हणून तिला वेगळं लागत नाही. छापणाऱ्यानं पावडरीच्या जागी सोडा लिहिला असं मला वाटते, म्हणायला एका शब्दाची चूक.

ठेवला १८० डिग्रीवर, ४० मिनिटं. त्याच टायमाला गावातल्या सगळ्या मोटरी सुरू, हरभऱ्याला पाणी, गव्हाला पाणी, डीपीवर लोड, बल्ब मिणमिणून राहिला. ४० मिनिटांनी केक कच्चा, ६० नं कच्चा, मी सारखी दार उघडून पाहून राहिली, शेवटी सव्वा तासानं काढला तं मधी खड्डा, बाजूनं ओला, वरून पापड. शेणाची गवरी बरी दिसते. म्हशीनंसुद्धा हुंगून तोंड फिरवलं. पोरगं आयटीआयचं, इलेक्ट्रिशियन, त्यानं मीटर लावून पाहिलं तं १८० व्होल्ट. तो म्हणे आई, २३० च्या जागी १८० आलं तं उष्णता थोडीशी नाही कमी होत, वर्गानं कमी होते, साठ टक्केच्या आसपासच राहते. म्हंजे १५०० चा ओव्हन ९०० चा झाला. आणि सोडा-पावडर ओली झाली की तिचे बुडबुडे सुटायला लागतात, ते काही लाईट यायची वाट पाहत नाही, पीठ घट्ट व्हायच्या आधीच बुडबुडे निघून गेले की केक बसते. सहा अंडी गेली. सासूबाईंना सांगितलं मुंगसानं नेली.

मंग २४ तारखेला संध्याकाळी मी आईच्या पद्धतीनं केला, चुलीवर, पहिल्यापासून तसाच केला असता तं आधीच झाला असता.

आई यवतमाळची. तिथं १९५३ पासून सेमिनरी होती, पाळक तयार करायची, १९८३ ला ती पुण्याला गेली, मी तेव्हा नववीत होती. आई तिथल्या एका परदेशी मॅडमच्या घरी कामाला होती. आईला लिहिता येत नव्हतं, ग्रॅम समजत नव्हता, मॅडमला मराठी येत नव्हती, तरी केक शिकली आणि तो कधी फसला नाही कारण त्यात आकडाच नाही. तराजू घ्यायचा. एका पारड्यात अंडी ठेवायची, फोडायची नाही, कवचासकट. दुसऱ्या पारड्यात मैदा, काटा बरोबर आला की मैदा काढायचा. मंग तितकीच साखर. मंग तितकाच डालडा, आता लोणी घ्या तुमचं बटर घ्या. अंडी चार घ्या की दहा, हिशोब तोच. गावरानी अंडं ४० ग्रॅमच्या आसपास, पोल्ट्रीचं ५५ च्या वर, तरी फरक पडत नाही कारण मैदा अंड्यापाशी येऊन थांबते. तुमच्या ‘४ अंडी’ मध्ये नेमकं हेच बसत नाही, कोणाची अंडी ते कुठं लिहिलं आहे? आमच्या किराणावाल्याकडं अजून तराजू आहे आणि ज्याच्याकडं नाही त्याच्याकडं काटा आहे.

पावडर चार अंड्यांना एक लहान चमचा, चपटा. थंडीत डालडा दगड होतो, तो वितळवायचा नाही, चुलीच्या बाजूला कोमट राखेवर गंज (पातेलं) ठेवायचा म्हंजे नरम येते, वितळला की त्यात हवा धरत नाही. साखर टाकून हातानं फेटायचा, पांढरा पडेपर्यंत, हात भरून येते, मंग पोट्ट्यांना द्यायचा. अंडी एकेक करून. मैदा पावडरीसोबत चाळून शेवटी, तो फेटायचा नाही, खालून वर घ्यायचा फक्त. वास यायला आई इसेन्स नाही टाकत होती, संत्र्याची साल साखरेत चोळायची, वरची केशरी तेवढीच, पांढरी आली की कडू. आणि तो काळा रंग चॉकलेटचा असते असं गावात सगळे समजतात, तो जळक्या साखरेचा. कढईत साखर कोरडीच काळी होईस्तोर जाळायची आणि वरून गरम पाणी सोडायचं, हात लांब ठेवून, लय उडते.

भाजायला जाड बुडाचा गंज, त्यात दोन बोटं नदीची रेती, चाळलेली, कोरडी. रेती तापू द्यायची. कागदाचा तुकडा टाकून पाहायचा, मनात शंभर मोजेस्तोर पिवळा पडला तं ठीक, काळा पडला तं खालचे इंगळ (निखारे) ओढून घ्यायचे. मंग लोखंडी कडं, त्यावर केकचा डबा, वर झाकण, झाकणावर इंगळ. खाली एक वाटा तं वर दोन वाटे, खाली जास्त झाले की बुड जळते आणि वर पांढराच राहते. लाकूड बाभळीचं, तुराट्या भसकन पेटतात आणि इंगळ धरत नाहीत. तासाभरानं झाडूची काडी (धुतलेली हो) टोचून पाहायची. तुमच्या पुरवणीत एकदा गोव्याच्या बेबिंकाचा फोटो होता, ओव्हनमधला, पण गोव्यातसुद्धा पूर्वी बेबिंका वरून निखारे ठेवूनच भाजत, एकेक थर. तिकडची चूल छापायला काही हरकत नाही, फक्त ती नारळाच्या दुधाची, आणि आमच्याकडं नारळ फोडला तं चटणीसाठी नाही, पूजेसाठी फोडतात लोकं.

ज्यांच्याकडं चूल नाही त्यांनी जुना कुकर घ्यावा, शिट्टी काढून, रबर काढून, बुडाला रेती नाहीतर मीठ. नवा घेऊ नका, कोरडा तापून खराब होते. आणि शिट्टी लावून केक करायला जाऊ नका, हे पण छापा, कारण लोकं विचारतात.

पूर्वी आम्ही तालुक्याला बेकरीत न्यायचो. मैदा साखर डालडा घरचा, नानकटाई आणि केक त्यांच्या भट्टीत, पाव निघाले की भट्टी उतरतीला लागते तेव्हा लोकांचे डबे घेत, डब्याला धागा बांधायचा ओळख म्हणून, तरी दोनदा दुसऱ्याचा केक घरी आला आणि एकदा तं आमच्यापेक्षा चांगला होता, नाही परत केला. पीठ घरून कालवून नेलं की एसटीच्या खड्ड्यांमधी तासभर गेला, मंग केक बसलेला, त्याचं कारण ओटीजीवालंच, बुडबुडे रस्त्यातच संपले. आई पावडर पुडीत न्यायची आणि तिथं मिसळायची. आता ते लोक म्हणतात डिसेंबरात आमच्याच ऑर्डरी पुरत नाहीत. त्यांचंही खरं आहे.

आणि हे सगळं रात्री होते हे लक्षात घ्या. डिसेंबर म्हंजे कापूस. सकाळी ओस वाळला की वेचणीला, किलोवर मजुरी, संध्याकाळी बोटं पऱ्हाटीनं ओरबाडलेली, त्या हातानं अनारशाचं पीठ मळायचं. कारण आमचा नाताळ केकवर भागत नाही. करंजी, शंकरपाळे, चकली, चिवडा, सगळं लागते, दिवाळीत शेजाऱ्यांकडून ताटं येतात ती रिकामी परत करायची नसतात, आमची परतफेड २५ तारखेला. सोऱ्या आम्ही दिवाळीनंतर माळ्यावर टाकतच नाही. आणि कॅरलवाले रात्री अकराला पंधरा जण येतात, चहा द्यावा लागते आणि चहासोबत काहीतरी. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, मंग कुटून गुळात मळून गोळे ठेवायचे, थंडीत ते मुरायला अजून दिवस घेतात, म्हणून १० तारखेच्या आत तांदूळ पाण्यात पडले नाही तं अनारसा तेलात हसलाच, म्हंजे विरलाच समजा. याची रेसिपी तुम्ही दिवाळीला छापता, नाताळला छापत नाही, जसं काही ख्रिस्ती घरात कढईच नसते.

तर माझं म्हणणं एवढंच की पुरवणी काढा, पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढा, आणि एकतरी केक असा छापा जो लाईट गेली तरी होईल, अंड्याच्या वजनाचा छापला तरी चालते, आईच्या नावाची गरज नाही. सोडा आणि पावडर हे दोन शब्द कोणाकडून तरी तपासून घ्या.

आणि माझं नाव छापू नका. सासूबाईंना वाचता येत नाही पण लहाना नातू रोज पेपर मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि मुंगसासाठी त्यांनी या वर्षभरात दोन पिंजरे आणले आहेत.

आपली,
एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा