माउंट वेल्ड करण्याआधी स्टेअरिंगचे ठरव

परळ, मुंबई

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या मारुती एस्टीमचे थकलेले इंजिन उतरवून तिथे स्विफ्टचे के-सिरीज इंजिन बसवण्याचा तुझा बेत मला मनापासून आवडला. मात्र माउंट (इंजिन ज्यांवर बसते ते आधार), गिअरबॉक्स आणि वायरिंगवर तू पाने भरून लिहिलेस आणि पॉवर स्टेअरिंग ‘मागाहून बघू’ म्हणून सोडून दिलेस, याची मला काळजी वाटते. माउंट वेल्ड होण्याआधीच स्टेअरिंगचा निर्णय झाला पाहिजे, कारण एकदा इंजिन जागेवर बसले की पंपासाठी जागा शोधत बसावे लागते.

तुझ्या गाडीचा रॅक, म्हणजे स्टेअरिंग फिरवल्यावर चाके वळवणारा दातेरी दांडा, तेलाच्या दाबावर चालतो आणि तो दाब देणारा पंप जुन्या इंजिनावर बेल्टने फिरतो. स्विफ्टचे स्टेअरिंग विजेवर चालत असल्याने तिच्या इंजिनावर या पंपाची सोयच नाही. पंपाशिवाय गाडी तशीच चालवता येते, असे कोणी सांगितले तर ऐकू नकोस. पॉवर रॅक कमी फेऱ्यांत चाके वळावीत अशा बेताने बनवलेला असतो, शिवाय आतले तेल हाताच्या जोराने ढकलावे लागते, त्यामुळे तो साध्या मॅन्युअल रॅकपेक्षाही जड जातो. दादरच्या गल्लीत गाडी लावताना खांदे भरून येतील.

स्विफ्टचा मोटर असलेला स्टेअरिंग कॉलम आणून बसवावा, असेही काही जण सुचवतील. त्यासाठी मॅन्युअल रॅक, बॅटरीवरून फ्यूज लावलेली जाड वायर आणि वेगाचा सिग्नल लागतो. हे सगळे जमवता येईल. पण लांबी जुळवण्यासाठी स्टेअरिंगचा शाफ्ट कापून वेल्ड करावा लागला, तर तो मार्ग मला मान्य नाही. ज्या जोडावर घरच्या माणसांचा जीव अवलंबून आहे, तो गॅरेजमधल्या वेल्डिंगवर सोडू नये.

म्हणून माझा कौल जुना रॅक आणि त्याचाच जुना पंप ठेवण्याला आहे. पंपाची पुली नव्या इंजिनाच्या क्रँक पुलीवरच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या पुलीवरच्या) बेल्टाशी जुळली पाहिजे, म्हणजे खाचा मोजायच्या आणि दोन्ही पुलींना सरळ पट्टी लावून त्या एका रेषेत आहेत का, हे पाहायचे. पुली तिरकी राहिली तर बेल्ट किंचाळतो आणि पावसाळ्यात भिजला की पुलीवरून उतरतोही. पंप धरणारे ब्रॅकेट जाड पत्र्याचे कर, कारण स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर पंपावर सर्वांत जास्त ताण येतो.

सर्वांत जपून करण्याचे काम हाय प्रेशर होजचे, म्हणजे पंपाकडून रॅककडे दाबाचे तेल नेणाऱ्या पाइपचे. त्यातला दाब ७० ते १०० बारपर्यंत जातो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट. रबरी पाइपला क्लॅम्प आवळून चालते ते फक्त रिटर्नच्या, म्हणजे तेल परत येण्याच्या बाजूला. पंप आणि रॅक या दोन्हींचे जुने जोड घेऊन नागदेवी स्ट्रीटला जा. तिथे हायड्रॉलिक होजचे काम करणारे चुडी (जोडाचे आटे) तपासून, टोके दाबून पाइप तयार करून देतात. तो एक्झॉस्टपासून लांब ने. एक्झॉस्टच्या गरम मॅनिफोल्डवर तेल उडाले तर आग लागते.

आयडलिंगकडेही, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असते त्या गतीकडेही लक्ष दे. गाडी उभी असताना चाके वळवली की पंपाचा भार सर्वाधिक असतो आणि इंजिन सर्वांत मंद फिरत असते. स्विफ्टच्या ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) पंपाच्या या भाराची खबर मिळत नाही, त्यामुळे एसी चालू ठेवून, स्टेअरिंग दोन्ही टोकांना वळवून इंजिन बंद पडते का, ते गॅरेजमध्येच तपास. टोकाला नेऊन पाच सेकंदांहून जास्त धरू नकोस, पंप तापतो. तेल भरल्यावर पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग हळूहळू दोन्हीकडे फिरवत हवा काढ.

इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्यायला विसरू नकोस. हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा विषय आहे.

पंपाच्या बोल्टांमधली अंतरे आणि क्रँक पुलीचा फोटो पाठव. रविवारी मी मोकळा आहे, ब्रॅकेटचा पुठ्ठ्याचा नमुना आपण दोघे मिळून कापू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर